ही कहाणी कुणाची?

फार पूर्वी, मेलेली माणसं जायची घाई करत नसत त्या काळात, डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठी एक गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. माणूस गेलं की दहाव्याच्या संध्याकाळी सगळं गाव घाटावर जमायचं आणि गावचा कहाणीबुवा त्या माणसाची कहाणी वाचायचा. कहाणी बुवानंच लिहिलेली असायची. आपली कहाणी ऐकली की मेलेला उठतो, पायऱ्या उतरतो आणि नदीपार जातो, असं लोक मानत. जाताना दिसायचं कुणालाच नाही. पण त्याच्या घरातली हवा हलकी व्हायची, आणि लोक म्हणायचे, गेला बाबा सुखानं.

आता गंमत ऐका. गंमत कसली, अंगावर काटा यावा अशी गोष्ट आहे, पण ऐका. कित्येक वर्षं त्या घाटावरून कुणी गेलंच नव्हतं.

पायऱ्यांवर ओल्या खुणा दिसायच्या. ओल्या कपड्यानं माणूस बसून उठलं की उमटते तशी खूण. भर उन्हाळ्यात, नदी तळाला गेलेली असतानासुद्धा. तिथं हात ठेवला तर बोटं बधिर व्हायची. दर मयतानंतर एक खूण वाढायची. बायका दिवस मावळायच्या आत पाणी भरून घरी यायच्या. कुणी विषय काढलाच तर जाणती माणसं म्हणायची, "दगडाला ओल येतेच की, त्यात काय?" डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचं ठरवलं की माणसाला फार कष्ट पडत नाहीत.

एकदा मात्र गाव हादरलं होतं. एका कोष्ट्याची बायको नवरा गेल्यावर रोज त्याच्या खुणेशेजारी जाऊन बसू लागली. पदर ओला व्हायचा, हात गार पडायचे, पण ती हटेना. अमावास्येच्या संध्याकाळी गेली ती परत आलीच नाही. सकाळी त्या पायरीवर दोन ओल्या खुणा होत्या, एकीला एक लागून. तेव्हापासून गाव मानू लागलं की जो अमावास्येपर्यंत गेला नाही तो कायमचा राहतो, आणि शेजारी बसणाऱ्यालाही ठेवून घेतो.

आता या गावचे कहाणीबुवा म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांचा शब्द म्हणजे भरजरी शालू. मेलेला कुणीही असो, तेज सूर्याचं, शीतलता चंद्राची, औदार्य कर्णाचं. ऐकताना बायाबापड्या हुंदके द्यायच्या. लोक तर म्हणायचे, मरावं तर बुवांच्या हयातीत मरावं. बुवांना ते ऐकून फार बरं वाटायचं.

बुवांना एक मुलगी होती, अनसूया. घरात सगळे तिला अनशी म्हणत. ती बुवांची शाई घोटायची, बोरू तासायची, कहाण्या सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. स्वतः मात्र काही लिहीत नसे. विचारलं तर म्हणायची, "मला कुठं येतंय."

आणि एके दिवशी बुवाच गेले. ध्यानीमनी नसताना, जेवून उठता उठता.

गाव गोंधळलं. आता बुवांची कहाणी कोण लिहिणार? पाटील म्हणाले, "पोरीनं इतकी वर्षं उतरवून काढलंय. तीच लिहील."

अनशी नाही कसं म्हणणार? ती बसली, आणि बापाचे सगळे शब्द आठवून आठवून तिनं कहाणी रचली. सूर्य घातला, चंद्र घातला, कर्ण घातला. बापानं इतरांना दिलं ते सगळं तिनं बापाला दिलं. दहाव्याच्या संध्याकाळी घाटावर वाचलं. लोक रडले. पाटील म्हणाले, "बापाची सर नाही, पण चालेल."

दुसऱ्या दिवशी घाटावर एक नवी ओली खूण होती.

आई ती बघून आली, पण घरात काही बोलली नाही. संध्याकाळी चुलीपुढं बसून ती भाकरी थापत होती. थापता थापता अगदी सहज म्हणाली, "तुझे आबा विचारत होते, काल घाटावर कुणाची कहाणी झाली?"

अनशीच्या हातातलं भांडं खाली पडलं. आईनं मान वर केली नाही. तिची बोटं निळी पडली होती आणि पदराचं टोक ओलं होतं.

आता हे ऐकून तुम्हीआम्ही घाबरलो असतो. अनशीही घाबरली, पण त्याहून जास्त ती खजील झाली. तिला वाटलं, आबांनी टोमणा मारला. आपली कहाणी त्यांना कहाणी म्हणायच्या लायकीचीही वाटली नाही. जिवंतपणी बोलायचे तसंच मेल्यावरही बोलले. ती तोंड झाकून रडली.

आई मग रोज दिवेलागणीला घाटावर जाऊन बसू लागली. अनशीनं अडवलं, दाराला कडी घातली, पाया पडली. आई म्हणायची, "अगं, ते एकटे आहेत." परत यायची तेव्हा पदर थोडा जास्त ओला असायचा. तिच्या हातचं पाणी प्यायलं तर दात शिवशिवायचे. आणि आकाशात चंद्र रोज झिजत चालला होता.

गावाबाहेर टेकाडावर एक म्हातारी राहायची. तिचं नाव म्हाळसा, पण सगळे वस्तादीणबाई म्हणत. तालमीत पहिलवानाला जसा वस्ताद असतो, तशी ही लिहिणाऱ्यांची. दूरदूरच्या गावांतले लिहिणारे तिच्याकडे येत. स्वतः ती एक ओळ लिहीत नसे. तोंडानं तिखट, चार म्हशी पाळायची, आणि तिच्याकडे गेलेला माणूस एक तर शिकायचा नाहीतर भांडून परत जायचा.

अनशी तिच्याकडे गेली. सगळं सांगितलं आणि म्हणाली, "बाई, मला आबांसारखं लिहायला शिकवा. अमावास्या जवळ आलीय. नाहीतर माझी आई जाईल."

"वाच, काय लिहिलंस ते."

अनशीनं वाचलं. वस्तादीणबाई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "चांगलाय. कोण हा?"

"आबा."

"हा कर्ण आहे, पोरी. मधेच सूर्यही येऊन गेला. तुझे आबा कुठं होते यात?"

अनशीनं हातातला कागद उलटसुलट चाळला.

"तुझ्या आबांनी टोमणा मारला नाही," म्हातारी म्हणाली. "त्यांनी खरंच विचारलं. कुणा थोर माणसाची कहाणी चाललीय असं समजून बिचारे ऐकत बसले असतील. आता वाट बघत बसलेत, आपली पाळी कधी येते म्हणून."

तिला घाटावरच्या सगळ्या पायऱ्या आठवल्या. सगळ्या खुणा. सगळे तसेच बसलेले.

"मग मी काय करू?"

"आधी त्या कडेच्या म्हशीवर लिही. असं लिही की कळपात ती मला ओळखू आली पाहिजे."

अनशीला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. इथं आई चाललीय आणि ही म्हशीचं सांगतेय. पण दुसरा इलाजही नव्हता. तिनं लिहिलं, काळी आहे, शांत आहे, दुधाला उदंड आहे. वस्तादीणबाई तिला डोहावर घेऊन गेली. तिथं गावचा अख्खा कळप डुंबत होता.

"दाखव यातली कुठली."

सगळ्याच काळ्या, सगळ्याच शांत. अनशी शरमली. तिनं फिरून लिहिलं, मेघासारखी श्यामल, धरणीसारखी सोशिक.

"मेघ माझ्या गोठ्यात कधी बांधला नव्हता," म्हातारी म्हणाली. "तुझा बापही आला होता हो माझ्याकडे, तरुणपणी. इथवर आला, म्हशीपाशी. म्हणाला, मी लेखक आहे, गुराखी नाही. आणि गेला निघून. शब्द त्याच्याकडे पुष्कळ होते. बघायला मात्र त्याला कधी सवड झाली नाही."

दुसऱ्या दिवशी अनशी दुपारभर त्या म्हशीजवळ बसली. नुसती बसली. आणि मग लिहिलं: पाण्यात शिरण्याआधी ही पाण्यावर फुंकर घालते. कानावरची माशी मान झटकून उडवते, शेपटी उचलायचा कंटाळा करते. दुसरीनं धक्का दिला तर चिडत नाही, पण जागाही सोडत नाही.

डोहावर शेजारची नवी सून धुणं धूत होती. नुकतीच लग्न होऊन आलेली, तिला गावची म्हैस न् म्हैस सारखीच. वस्तादीणबाईनं तिला हाक मारली आणि अनशीला वाचायला लावलं. सुनेनं ऐकलं, कळपाकडे बघितलं, आणि थोड्या वेळानं बोट केलं. "ती. ती बघा, फुंकर घातली."

जन्मात पहिल्यांदाच तिनं लिहिलेलं कुणाला तरी दिसलं होतं.

"आता आबा," म्हातारी म्हणाली.

"बाई, आबांना म्हशीसारखं कसं लिहू?"

"म्हशीइतका तरी मान दे त्यांना. तिच्याकडे तू दुपारभर बघितलंस."

मग खरं काम सुरू झालं. अनशी लिहायची, वाचायची. म्हातारी एकच विचारायची, "हे तू पाहिलंस का?" पाहिलं नसेल तर वाक्य खोडायचं. पाहिलं असेल तर राहू द्यायचं, कितीही ओबडधोबड असलं तरी. कधी म्हणायची, "वाक्याला कडेवर घेऊ नकोस. खाली सोड, चालू दे त्याला." कधी नुसतीच डाळ निवडत बसायची. अनशी खोडत गेली, आणि खोडता खोडता एकदा थांबली.

"बाई, हे जे आठवतंय ते लिहिलं तर गाव मला खाईल. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात."

"वाईट बोलू नकोस. खरं बोल. आणि लिहिताना गावाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं. वाचायच्या वेळी बोलवायचं."

"पण माझी भाषा साधी आहे. आबांसारखं मला येणार नाही."

"आबांसारखं लिहायला आबा होते की. अनशीसारखं लिहायला कोण आहे?" म्हातारीनं सूप आपटलं. "जा घरी."

अमावास्येचा दिवस उजाडला. तिन्हीसांजेला अनशी घाटावर पोचली तेव्हा आई आधीच तिथं होती, त्या ओल्या खुणेला लागून. तिचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं होतं. ओठ काळेनिळे. अनशीनं खांद्याला धरून हलवलं तर तिनं डोळे उघडले नाहीत. गाव वरच्या पायऱ्यांवर गोळा झालं होतं, एकमेकांना चिकटून. वारा नव्हता, तरी पाणी पायऱ्यांना चुळूचुळू लागत होतं.

पाटील म्हणाले, "पोरी, मागचीच वाच. थोडी अजून सजव, बुवांच्या थाटात. तीच बरी होती."

अनशीला ती कहाणी तोंडपाठ होती. ती वाचली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिनं वळून वस्तादीणबाईकडे पाहिलं. टेकाडावरून उतरून आलेली म्हातारी मागं बसून पायातला काटा काढत होती.

"बाई, कुठली वाचू?"

"मला विचारू नकोस," म्हातारी मान वर न करता म्हणाली. "ज्याची आहे त्याला विचार."

अनशी फिरली. गावाकडे पाठ केली, त्या ओल्या पायरीसमोर बसली आणि वाचू लागली. आवाज थरथरत होता.

"माझे आबा ठेंगणे होते. उंच माणसाशी बोलायचं असलं की ते पायरी बघून उभे राहत. त्यांना साय आवडायची, आणि चोरून खायला जास्त आवडायची. मिशीला लागलेली आईला दिसायची. आई बोलायची नाही."

मागं कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "शोभतं का हे?"

"आबा कुत्र्यांना भीत. मेलेल्यांना त्याहून भीत. कहाणी वाचून झाली की चपला हातात घेऊन ते घराकडे पळत सुटत. त्यामुळं कोण गेलं आणि कोण राहिलं, ते त्यांनी कधी पाहिलंच नाही."

"बास कर," पाटील ओरडले. "बापाची अब्रू घाटावर धुतेस?"

अनशी थांबली. आणि तेवढ्यात आईचं तोंड उघडलं. डोळे मिटलेलेच होते. आवाज आईचा नव्हता, खरखरीत होता, पुरुषाचा होता.

"पुढं वाच," तो आवाज म्हणाला.

पाटील दोन पायऱ्या मागं सरले.

"मी लहान असताना एका कोंबड्याची गोष्ट लिहिली होती," अनशीनं वाचलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं येऊ दिलं. "ती वाचून आबा म्हणाले, शाई वाया घालवू नकोस. त्यानंतर मी काही लिहिलं नाही. मला त्यांचा राग आहे, अजूनही आहे. आणि त्याच वर्षी मला ताप भरला. नदीला पूर होता, वैद्य पलीकडच्या गावात. आबांनी मला खांद्यावर घेतलं आणि पाण्यात शिरले. त्यांना पोहता येत नव्हतं. पाणी छातीला लागलं तसे ते रडायला लागले, मोठ्यानं, लहान पोरासारखे. आणि रडत रडत चालत राहिले. पलीकडे पोचेपर्यंत रडत होते. इतका भित्रा माणूस इतका शूर झालेला मी दुसरा पाहिला नाही. एवढीच कहाणी."

मग आईच्या तोंडून तोच खरखरीत आवाज आला, हळू, नवल वाटल्यासारखा.

"अगं, हा तर मी."

ओल्या खुणेतून पाणी ओघळलं. आणि खालच्या पायरीवर एक पाऊल उमटलं. लहानसं, अनवाणी. मग दुसरं. पावलं उतरत गेली. मागची खूण कडेनं सुकत आत आली आणि दगड कोरडा झाला. शेवटच्या पायरीवर पावलं थांबली. तिथून पुढं काळं पाणी होतं, आणि ती पावलं काही केल्या हलेनात.

अनशी उठून दोन पायऱ्या खाली गेली. "आबा," ती म्हणाली, "पाणी छातीपर्यंतच आहे."

पाणी एकदा हललं, मग स्थिर झालं. पाऊल परत उमटलं नाही.

आईनं डोळे उघडले. तिनं कोरड्या दगडावरून हात फिरवला, आणि नवरा गेल्यापासून जी एकदाही रडली नव्हती ती हंबरडा फोडून रडली. "गेले गं," ती म्हणाली, "गेले." अनशीनं तिचा हात धरला. तो हात गरम होत चालला होता.

लोक सुटकेचा श्वास टाकून उठायला लागले, आणि तिथंच खिळले. सगळ्या पायऱ्यांवरून, वरपासून खालपर्यंत, एक कुजबुज आली. बायकांची, पुरुषांची, एका कोष्ट्याची आणि त्याच्या बायकोची. भांडण नव्हतं त्यात की तक्रार नव्हती. सगळे अगदी अदबीनं विचारत होते.

"आता माझी का?"

काही जण पळाले, खोटं कशाला सांगू. अनशीनं पुन्हा मागं वळून वस्तादीणबाईला शोधलं. म्हातारी काठी टेकत टेकाडाकडे निघाली होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. अनशी क्षणभर तिच्या पाठीकडे बघत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की म्हातारीला विचारण्यासारखं आपल्याजवळ काही उरलेलंच नाही.

ती जवळच्या ओल्या खुणेशेजारी बसली. "ही कुणाची जागा?" तिनं गावाला विचारलं. "मला खरं सांगा. खरं असेल तेवढंच मी लिहीन."

शेवटी पाटीलच पुढं आले. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं होतं. "माझी आई," ते म्हणाले. बुवांनी तिला गंगेसारखी शांत लिहिली होती, आणि ऐकताना पाटील रडलेही होते. आता ते नुसते त्या दगडाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "शिव्या फार द्यायची. सकाळी उठली की आधी कोंबड्यांना, मग मला."

ओल्या पायरीवर कुणीतरी खुदकन हसलं.

ऐकलंत ना? मग तात्पर्य ध्यानात ठेवा: उसन्या शब्दांनी माणूस सजतो, पण सापडत नाही. शिकवणारा आपल्याला बघायला शिकवतो. बघितलेलं मात्र आपलं आपणच सांगावं, साध्या शब्दांत आणि आपल्याच आवाजात, मग तो थरथरला तरी चालेल.